विषय मंजूर करून घेण्याआधी बेस पेपर चालवून पाहा

एम.टेक. संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात पाऊल टाकले की प्रबंधाचा विषय ठरवण्याची धांदल सुरू होते. त्याची रूढ पद्धत आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे: आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या संकेतस्थळावरून अलीकडचा एक ‘बेस पेपर’, म्हणजे ज्यावर आपले काम उभे करायचे तो शोधनिबंध, उतरवून घ्यायचा, त्याच्या ‘फ्यूचर स्कोप’मधले (पुढे करता येण्याजोग्या कामाबद्दलचे) एखादे वाक्य उचलायचे, शीर्षकात ‘एफिशियंट’ किंवा ‘नॉव्हेल’ घालायचे आणि ‘प्रपोज्ड सिस्टिम’ची चौकटी-बाणांची आकृती जोडून सिनॉप्सिस, म्हणजे विषयाचा आराखडा, जमा करायचा. प्रोग्रामला हात लागतो तो बहुधा चौथ्या सत्रात, आणि तोपर्यंत बेस पेपरमध्ये निष्कर्ष म्हणून दिलेला आकडा खरोखर निघतो का, हे कोणीही पाहिलेले नसते.

माझे स्पष्ट मत आहे की विषय मंजूर होण्याआधी विद्यार्थ्याने बेस पेपरमधला प्रयोग स्वतःच्या हाताने चालवून पाहिलाच पाहिजे.

नेटवर्कवरील घुसखोरी ओळखणे हा आपल्या महाविद्यालयांचा जुना लाडका विषय घ्या. त्यासाठी आजही अनेक जण ‘केडीडी कप 99’ हा माहितीसंच वापरतात. अमेरिकेतील एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत 1998 मध्ये हवाई दलाच्या धर्तीवर उभारलेल्या कृत्रिम नेटवर्कवरून तो तयार झाला. त्याचा 10 टक्क्यांचा म्हणून जो भाग सर्रास वापरला जातो, त्यात 4,94,021 नोंदी आहेत. त्यांपैकी 2,80,790 ‘स्मर्फ’ या एकाच प्रकारच्या हल्ल्याच्या, 1,07,201 ‘नेपच्यून’ या दुसऱ्या हल्ल्याच्या आणि निर्धोक नोंदी अवघ्या 97,278. याचा अर्थ असा की डोळे झाकून प्रत्येक नोंदीवर ‘हल्ला’ असा शिक्का मारणारा एका ओळीचा प्रोग्रामसुद्धा 80 टक्के अचूक ठरतो! शिवाय पुनरावृत्त नोंदी काढून टाकल्या तर उरतात 1,45,586. अशा संचाचे, प्रोग्रामला शिकवण्यासाठी एक भाग आणि तपासण्यासाठी दुसरा, असे सरळ यादृच्छिक विभाजन केले की त्याच नोंदी प्रशिक्षणातही येतात आणि चाचणीतही, म्हणजे आदल्या रात्री सोडवलेली प्रश्नपत्रिकाच परीक्षेत हाती पडावी तसे होते. मग 99 टक्के अचूकतेचे कौतुक कशाचे? हे दोष दाखवून कॅनडातील न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्येच ‘एनएसएल-केडीडी’ हा सुधारित संच पुढे आणला. अर्थात त्यातली नेटवर्कवरची वाहतूकही 1998 चीच आहे.

हे सगळे कळायला महागडी यंत्रणा लागत नाही. माहितीसंच उघडून प्रत्येक वर्गात किती नोंदी आहेत आणि त्यांतल्या किती पुन्हा पुन्हा आल्या आहेत, एवढे मोजले तरी पुरते. पण आपले लिटरेचर सर्व्हे, म्हणजे आधीच्या संशोधनाचे आढावे, कसे होतात ते गाइड मंडळींना ठाऊक आहे: लेखक, पद्धत, फायदे, तोटे असे रकाने आखायचे आणि चाळीस पेपरांचे गोषवारे वाचून ते भरून टाकायचे. संगणकशास्त्रज्ञ श्रीनिवासन केशव यांनी 2007 मध्ये पेपर तीन फेऱ्यांत वाचण्याची जी पद्धत मांडली, तिची तिसरी फेरी म्हणजे लेखकांचीच गृहीतके धरून त्यांचे काम मनात नव्याने उभे करणे. नवख्याला एका पेपरमागे यात कित्येक तास जातात. असे तीन-चार पेपर झाले, तर तक्ता लहान दिसला तरी माझी हरकत नसेल.

विद्यार्थ्यांची खरी धास्ती असते ती सिमिलॅरिटी रिपोर्टची, म्हणजे मजकूर इतरांच्या लेखनाशी किती टक्के जुळतो ते दाखवणाऱ्या अहवालाची. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही आणि 60 टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होऊ शकते, त्यामुळे ही धास्ती समजण्यासारखी आहे. मात्र वाक्ये फिरवून टक्केवारी खाली आणण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात बेसलाइनचा, म्हणजे बेस पेपरमधल्या मूळ प्रयोगाचा, निम्मा प्रोग्राम लिहून होतो.

‘आणि आकडा जुळलाच नाही तर?’ असे मुले विचारतात. फरक किती आला, कोणत्या विभाजनावर आला, लेखकांनी कोणते पॅरामीटर (प्रयोगात ठरवून दिलेली मूल्ये) दिलेच नव्हते, हे सिनॉप्सिसमध्ये लिहावे; अनेकदा प्रबंधाचा प्रश्न तिथेच हाती लागतो. पहिल्या रिव्ह्यूला समितीनेही पीपीटी बाजूला ठेवून लॅपटॉपवर बेसलाइन चालवून दाखवायला सांगावे. तिसरे सत्र त्यासाठी पुरत नाही, ही तक्रार मला पटत नाही.