एकावन्न रुपये, नाव सांगा

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष कसं व्हायचं असं मला कुणी विचारलं तर मी एकच सांगतो, मीटिंगला जायचं नाही. जे गेले होते ते सगळे हुशार निघाले, प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सुचवलं आणि शेवटी जो तिथं नव्हताच त्याच्यावर एकमत झालं, एवढं एकमत आमच्या गावात अजून पाण्याच्या टाकीच्या जागेवर पण झालेलं नाही. संध्याकाळी मोठे गुरुजी घरी हजर, काखेत प्रोसिडिंगचं रजिस्टर, म्हणले अभिनंदन, इथं सही करा. मी म्हणलं गुरुजी मला यातलं काय कळतंय, तर म्हणले 2009 चा कायदाच आहे, समितीत पाऊण लोक पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत, तुम्ही पालक आहात का नाही? आता पोरगी तिसरीत म्हणल्यावर नाही तरी कसं म्हणावं. केली सही. निम्म्या बायांमधे आमची बायको आहे आणि माझं नाव तिनंच सुचवलं होतं हे मला नंतर कळलं, तेही दुसऱ्यांकडून.

मला वाटलं अध्यक्षाचं काम म्हणजे खिचडी चाखायची आणि रजिस्टरला 'चव चांगली' लिहून यायचं. तसं रजिस्टर खरंच असतं. पण खिचडीचं सोपं आहे, अवघड आहेत ते कार्यक्रम. बाकी महाराष्ट्रातल्या शाळांना झेंडावंदन तीनदा, 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. आम्हाला चारदा. देश सुटला 1947 ला आणि आम्ही निजामाकडून सुटलो 17 सप्टेंबर 1948 ला, तेरा महिने उशिरा, त्यामुळं मराठवाड्याच्या वाट्याला एक झेंडा जास्तीचा आला आणि त्याच्याबरोबर एक भाषणांची फैर पण. पटांगणात चिखल, दोन बेंच जोडलेले, आणि त्याच्याकडं बघून पहिलीतलं पोरगं म्हणतंय सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मी जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांत चित्तानं ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती. एवढं घडाघडा. पुढं भाषणात मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आले की गाडी अडकती. स्वामी रामानंद... स्वामी रामानंद... आईकडं बघतंय, आई ओठ हलवून सांगती, ह्याला दिसत नाही, शेवटी जय हिंद जय महाराष्ट्र म्हणून पळालं. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच.

पण हे सगळं बिस्किटाच्या पुड्यावर भागतं. खरा घाम काढतं ते गॅदरिंग.

यंदाचं गॅदरिंग जानेवारीच्या शेवटाला धरलं. मॅडमनी प्रत्येक वर्गाला एकेक गाणं वाटून दिलं आणि दुसऱ्या दिवशीपासून पालकांची रांग, आमच्या पोरीला पहिल्या लाइनीत घ्या, आमच्याला मागं कामून टाकलं, त्याच्या उंचीला काय झालं. तिसरीच्या वाट्याला कोळीगीत. हे मला आजवर उमगलेलं नाही, आमचा बीड जिल्हा, गावाला उन्हाळ्यात टँकर आणि गॅदरिंगला दरवर्षी समुद्र. नाचणाऱ्या एकाही पोरानं समुद्र बघितलेला नाही, बसवणाऱ्या मॅडम परळीच्या, तरी वल्हं मारायची अॅक्शन अशी की बघणाऱ्याला मळमळावं. घरी मला पुठ्ठ्याचे मासे कापायला लावले. मी कापले, पोरगी म्हणली बाबा हे मासे नाहीत, ही वांगी आहेत. मग वरच्या बाजूला डोळे काढले, तरी वांगीच, फक्त बघायला लागली.

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा म्हणजे सगळ्यांना माहिती होतं आठचा. पोरं मात्र चारपासून तयार, गालाला लाली, कपाळाला चंद्रकोर, घामानं पावडरीचे ओघळ आणि सारखं मॅडम लघवीला, मॅडम लघवीला. आठला पाहुणे आले. त्याच्यापुढं जे झालं ते सांगायची सोय नाही पण सांगतो. दीपप्रज्वलन, वारा, परत दीपप्रज्वलन, सावित्रीबाईंच्या फोटोला हार, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि मग सत्कार. स्टेजवर सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन, केंद्रप्रमुख, तंटामुक्तीचे अध्यक्ष, दोन माजी आणि तीन भावी. शाली आणलेल्या मोजून आणि स्टेजवरची माणसं वाढायलीत. मोठे गुरुजी माझ्या कानाला लागले, अध्यक्ष, मागून जाऊन चेअरमन साहेबांची शाल हळूच घ्या. मी म्हणलं त्यांच्या अंगावर आहे. म्हणले म्हणूनच हळूच. तेवढ्यात तंटामुक्तीच्या अध्यक्षांना दिसलं की आपल्याला नारळ मिळाला पण शाल नाही, ते उठून चालायला लागले, त्यांना समजावायला पोलीस पाटील उठले, पाटील उठले म्हणून पाटलांची शाल खुर्चीवर राहिली आणि तीच तंटामुक्तीला पांघरली. तंटा मिटला. पाटलांनी मला नंतर बरेच दिवस राम राम घातला नाही.

आता ज्यांच्यासाठी हा सगळा पसारा, त्या पोरांचं बक्षीस वितरण. गेल्या साली शाळेच्या दोन पोरी शिष्यवृत्तीला लागल्या होत्या. ही काय साधी गोष्ट नाही, दोन पेपर, एकेका पेपरला 75 प्रश्न, सगळे मिळून 300 मार्क, आणि ह्या पोरींनी अभ्यास केला कुठं तर एकीनं जनावरं राखताना आणि दुसरीनं लहान भावाला झोका देत. मॅडमनी सुट्टीत सुद्धा जादा तास घेतलेले, त्याचा कुणी उल्लेख केला नाही, मी करतो. त्या दोघी आता हायस्कुलात गेल्यात, बक्षिसासाठी खास बोलावलं. एकीच्या हातात ट्रॉफी दिली रे दिली की स्टेजवरच्या प्रत्येकाला ट्रॉफीला हात लावायचा होता. सरपंचांचा हात, चेअरमनचा हात, मागून एका भावीचा हात, फोटोवाला म्हणतोय सर थोडं आत या, अजून आत. दोन दिवसांनी पेपरात फोटो आला, खाली लिहिलेलं 'गुणवंत विद्यार्थिनीचा गौरव', वर ओळीनं गडी माणसं आणि मधे कुठंतरी एक लाल रिबीन. तिच्या आईनं तो फोटो कापून भिंतीला लावलाय आणि आल्यागेल्याला रिबिनीवर बोट ठेवून दाखवती.

बाकीच्या बक्षिसांचं मॅडमनी आधीच डोकं लावलं होतं. धावणं, लिंबू-चमचा, रांगोळी, हस्ताक्षर, शंभर टक्के हजेरी, एवढं झालं तरी काही पोरं उरतातच आणि त्यांचे पालक दुसऱ्या दिवशी शाळेत येतात, म्हणून प्रत्येकाला काहीतरी. स्वच्छ नखं. टापटीप दप्तर. परसबागेतल्या मेथीला नियमित पाणी. एका पोराला काहीच बसेना, ते नखं खातं, दप्तर आणत नाही आणि मेथी उपटतं. त्याला प्रामाणिकपणाचं बक्षीस दिलं, कारण त्याला पटांगणात दहाची नोट सापडली होती तर त्यानं ती वर धरून 'कुणाचेत' म्हणून विचारलं होतं. अख्खा वर्ग 'माझे' म्हणला ही गोष्ट वेगळी. स्टीलचा डबा घेऊन ते स्टेजवरून उतरलं आणि पहिलं उघडून बघितलं, आत काय आहे का.

आणि मग नाच सुरू झाले आणि माझी ड्यूटी लागली.

ज्यांना आमच्याकडचं गॅदरिंग माहिती नाही त्यांना सांगतो, इथं नाच आवडला की लोक नुसत्या टाळ्या वाजवत नाहीत, बक्षीस लावतात. दहा, वीस, एकावन्न, एकशे एक. नोट चिठ्ठीत गुंडाळून पुढं येती, चिठ्ठीवर नाव, ते नाव माइकवर वाचायचं आणि वहीत लिहायचं, पैसे शाळेला. सरकारी भाषेत ह्याला लोकसहभाग म्हणतात. वही माझ्याकडं, माइक पण माझ्याकडं. आता नाव वाचायचं तर गाणं थांबवावं लागतं, नाहीतर देणारा नाराज, मी एकावन्न दिले आणि ऐकूच नाही आलं. म्हणून साऊंडवाल्याला हात केला की गाणं बंद, पोरं आहेत त्या पोझमधे उभी. तिसरीचं कोळीगीत निम्म्यात आलं आणि चिठ्ठ्यांचा पाऊस. आमची पोरगी एका पायावर, वल्हं हवेत, माझ्याकडं बघतीय, आणि मी वाचतोय, आपल्या सर्वांचे लाडके, गोरगरिबांचे कैवारी, युवकांचे प्रेरणास्थान... एवढं चिठ्ठीवर लिहिलेलं, खाली बक्षीस अकरा रुपये. गाणं चालू, दोन ओळी झाल्या की परत हात. तेवढ्यात भावकी पेटली. एका वाड्यानं एकशे एक लावले की दुसऱ्या वाड्यानं एकशे एकावन्न, पहिल्यानं दोनशे एक, आणि दुसऱ्याचा माणूस येऊन मला म्हणतो, त्यांचं नाव मोठ्यानं वाचलं अन् आमचं कामून हळू वाचलं? मी म्हणलं माइक तोच आहे भाऊ. म्हणला, माइक तोच आहे, तोंड बदललंय. त्या गोंधळात एक पोरगं पोझमधेच खाली बसलं आणि झोपलं. त्याला तसंच उचलून बाजूला ठेवलं, पुठ्ठ्याचं वांगं हातात घट्ट.

पाचवीच्या गाण्याच्या वेळेला एक आजी पुढं आली. तिचा नातू नाचात होता. आमच्या गावचे निम्मे लोक दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, नवराबायको मिळून हिशोबात एक कोयता, कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात, ते मार्चशिवाय घर बघत नाहीत, पोरं कुणाची हंगामी वसतिगृहात, कुणाची आजीपाशी. हे पोरगं आजीपाशी. आजीच्या हातात मोबाइल, व्हिडिओ कॉल चालू, आणि तिनं तो कानाला लावलेला. मला म्हणली, आरं बाबा, ह्याची माय म्हणतीय काळं दिसायलंय, जरा धर. फोन घेऊन बघितलं तर खोपीच्या पुढं एका बल्बखाली अख्खी टोळी दाटीवाटीनं बसलेली, टोळी नेणाऱ्या मुकादमासकट. एका हातात माइक, एका हातात फोन, वही काखेत, असा मी स्टेजच्या कडंला उभा. फोनमधून आवाज, दाजी थोडं डावीकडं, दाजी तुमचं बोट येतंय मधे, दाजी तो आमच्याला दाखवा की, ती पाटलाची पोरगी कशाला दाखवायलाव. रेंज गेली की सगळे एका जागेवर थिजायचे, आली की परत हलायचे. गाणं संपायच्या आत पोराचा बाप ओरडला, एकावन्न बोला आमच्याकडून, फोनपे करतो, नंबर सांगा. त्याच्या मागून दुसरा, माझे पण एकावन्न. मुकादम म्हणला माझे एकशे एक, आगाऊ दिलेल्या उचलीतून कापणार नाही म्हणावं, खुशीतून. मी साऊंडवाल्याला हात केला. माइक फोनच्या तोंडाला लावला आणि पोराची माय काहीतरी बोलली, शिट्टी वाजल्यासारखा नुसता आवाज आला, एक शब्द कुणाला कळला नाही. पोराला कळला असावा, कारण ते पोझ सोडून स्टेजवरूनच 'हां आई, जेवलो' म्हणून ओरडलं.

गॅदरिंग साडेबाराला संपलं. आभारप्रदर्शन सतरंज्यांसमोर झालं.

लोकांना वाटतं इथं अध्यक्षाचं काम संपतं. तर तसं नाही. ज्यांनी बक्षीस लावलं त्यातल्या बऱ्याच जणांनी चिठ्ठी तेवढी दिली होती, नोट नाही. रात्रीच्या भरात कोण मोजतंय. दुसऱ्या दिवशी मोठ्या गुरुजींनी वही उघडून बेरीज केली, मग पेटी उघडून बेरीज केली आणि दोन्हीकडं चष्मा काढून बघितलं. शाळेला पिण्याच्या पाण्याचं फिल्टर घ्यायचं ठरलंय, म्हणले अध्यक्ष, वसुली तुमच्याकडं. तेव्हापासून मी वही घेऊन गावात फिरतोय. ऊसतोडीवाल्यांच्या नावापुढं सगळ्या बरोबरच्या खुणा झाल्यात, त्यांचे पैसे गाणं संपायच्या आत फोनवर टिंग टिंग करत आले होते. दोन्ही वाड्यांचं म्हणणं, आधी त्यांनी द्यावेत, मग आम्ही लगेच देतो. एकानं तर मलाच विचारलं की मी खरंच बोललो होतो का दोनशे एक, व्हिडिओ आहे का? आहे ना, गावातल्या प्रत्येक फोनमधे आहे, पण त्यात त्याची पोरगी नाचतीय तेवढंच तो मला दाखवत बसला आणि चहा पाजून परत पाठवलं.

राहिले ते गोरगरिबांचे कैवारी, त्यांच्याकडं अकरा रुपये. काल पारावर गाठलंच. वही पुढं केली, बोट ठेवून नाव दाखवलं. त्यांनी नाव दोनदा वाचलं, खिशाला हात घातला, मला वाटलं आता निघतेत, तर पेन काढला आणि म्हणले, अध्यक्ष, एवढं सगळं लिवलंय पण 'भावी जिल्हा परिषद सदस्य' राहिलंय की, ते टाका आधी.