सुटकेस छताला कशी टांगावी

निसर्गचित्रांचे दिवस संपले, हे आधी मनाला पटवून घ्या. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा तलाव रंगवला, कोटीतीर्थ रंगवलं, त्यांच्यामागून पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी आणि तेच घाट रंगवत आल्या. पोझ देऊन देऊन रंकाळ्याचीही आता पाठ धरली असेल. हल्ली कलेचा बाजार विस्थापनावर चाललाय. 2024 च्या व्हेनिस बिनालेचं, म्हणजे इटलीतल्या त्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनाचं, सूत्रच ‘फॉरेनर्स एव्हरीव्हेअर’ असं होतं. म्हणजे तुम्ही परके असाल तर आत या, नसाल तर तिकीट काढा.

तेव्हा पहिलं काम, स्वतःला विस्थापित करून घ्या. आजी कराचीची असेल तर तुम्ही नशीबवान. नसेल तरी घाबरायचं कारण नाही. आजोबा पन्हाळ्याहून लक्ष्मीपुरीत आले होते ना? वीस किलोमीटर का होईना, स्थलांतर ते स्थलांतर. फक्त ‘पन्हाळा’ म्हणू नका, ‘डोंगरावरची एक हरवलेली तटबंदी’ म्हणा. आजोबा धान्याच्या पेढीवर हिशेब लिहायला आले, इथंच घर बांधलं आणि मरेपर्यंत मजेत राहिले, ही गोष्ट घरातच ठेवा. स्वतः सहा-आठ महिने लंडनला काढून आला असाल तर मग विषयच हार्ड. साउथॉलमध्ये मनासारखा तांबडा रस्सा मिळाला नाही, या दुःखावर एक व्हिडिओ आरामात निघतो. त्यात तुम्ही रिकाम्या वाटीकडं बघत बसायचं. अकरा मिनिटं बघायचं. बारा केलीत तर अनुदानही मिळेल.

आता साहित्य. सुटकेस, लाल दोरा आणि नकाशा, या तिघांशिवाय या धंद्यात पान हलत नाही. सुटकेस जुनी हवी, शक्यतो पत्र्याची ट्रंक, कोपऱ्याला गंज चढलेली. घरच्या माळ्यावर नसेल तर जुन्या बाजारातून आणा आणि कुणाची होती ते विचारू नका, विचारलंत तर तिला खरोखरचा मालक निघेल. ती तंगुसानं छताला टांगायची, अर्धवट उघडी. आधी हूक बघून घ्या. बहुतेक हॉलमध्ये हूक पंख्यापुरताच असतो, आणि पंखा काढून सुटकेस टांगली तर एप्रिलमध्ये प्रेक्षक पाच मिनिटांत स्वतःहून विस्थापित होतात. हेही माहितीपत्रकात घालता येईल म्हणा.

चित्रकार झरीना हाश्मी यांचं नाव मात्र जपून घ्या. बाई अलीगढच्या, जन्म 1937 चा. घरचे पुढं पाकिस्तानात गेले, त्या स्वतः देशोदेशी फिरल्या आणि न्यूयॉर्कला राहिल्या. आणि आयुष्यभर केलं काय, तर लाकडाचा ठोकळा घेऊन कोरत बसल्या. घराचा आराखडा, उंबरा, फाळणीची एक वेडीवाकडी रेघ. 1999 साली घरावरच छत्तीस छापचित्रांची मालिका केली. सुटकेस एक नाही! कोरियाचा शिल्पकार डो हो सु तर त्याच्याही पुढचा. सोलचं घर सोडलं म्हणून त्यानं ते अख्खं घर पारदर्शक कापडात शिवून काढलं, दाराच्या मुठीपासून विजेच्या बटणापर्यंत सगळं मापात. इतकं मोजत बसायचं म्हणजे त्या घरावर खरंच जीव असावा लागतो. आपल्याला 15 तारखेला उद्घाटन आहे. लाल दोरा घ्या, कोल्हापूरला खिळा, न्यू जर्सीला खिळा, मधे दोरा. झालं.

खरी अडचण पुढंच आहे. कोल्हापुरात विस्थापन रग्गड आहे आणि ते सगळंच्या सगळं प्रदर्शनाला गैरसोयीचं आहे.

वळिवड्याचंच घ्या. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियानं पोलंडमधून हुसकून सैबेरियात नेलेली माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि 1943 पासून त्यातले जवळपास पाच हजार जण, बहुतेक बायका, पोरं, म्हातारे, आपल्या वळिवड्यात राहिले. शाळा, चर्च, नाटकं, सगळं त्यांनी तिथं उभं केलं. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली, आणि फाळणीत सिंध सोडून आलेल्या कुटुंबांना तीच जागा मिळाली. तेच आजचं गांधीनगर, कापडाच्या घाऊक बाजाराचं. एका छावणीत दोन खंडांचं निर्वासन, परदेशातला एखादा क्युरेटर हे ऐकून रडेल. पण तुम्ही तिथं वही घेऊन जाऊ नका. मातृभूमीच्या तुटलेल्या नाळेबद्दल विचारायला तोंड उघडाल आणि गल्ल्यावरून प्रश्न येईल, ‘होलसेल की रिटेल?’ तासाभरानं तुम्ही तीन सुटपीस आणि एक चादर घेऊन बाहेर पडाल, वेदना कुठंच मिळालेली नसेल, वर भाव मात्र चांगला पडलेला असेल. त्यापेक्षा महावीर उद्यानातल्या पोलिश स्मृतिस्तंभासमोर उभे राहून फोटो काढा. मॉर्निंग वॉकवाले काका मधे आले तर त्यांना ‘स्थानिक समुदाय’ समजा.

ऊसतोड मजुरांच्या वाटेला तर जपूनच जा. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून टोळ्या येतात, फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात, नवराबायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत तो कोयता चालत राहतो. तुम्हाला वाटेल, कोयता! काय प्रतीक आहे! मागायला जाल. बाई पदरानं तोंड पुसत विचारील, ‘कशाला पायजे?’ तुम्ही सांगाल, टांगायला. ‘मग उद्या आमी तोडायचं कशानं?’ या प्रश्नाला सौंदर्यशास्त्रात उत्तर नाही. एवढ्यात ती वाढ्याची पेंढी तुमच्यापुढं टाकून भाव सांगेल, कारण गावात तिच्याकडं येणारा माणूस वैरण न्यायलाच येतो. भाड्यानं कोयता मिळाला तर तो नवा असतो, म्हणजे पुन्हा त्याला गंज आणायचं काम आलं.

धरणग्रस्त तर पूर्णपणे टाळा. चांदोलीचे असोत की काळम्मावाडीचे, त्यांचं विस्थापन जुनं आहे, सरकारी कागदावर आहे आणि त्याला शिक्के आहेत. असा माणूस तुमच्याशी अस्मितेबद्दल अक्षर बोलणार नाही. सातबाऱ्याबद्दल बोलेल. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली फाइल काढेल, 1980 च्या आसपासची नोटीस दाखवेल आणि विचारेल, ‘तुमची कलेक्टरसायबाकडं ओळख हाय का?’ आपलेपणाच्या शोधात निघालेल्या कलावंताला कुणी आपलं समजून काम सांगावं, यासारखा वाईट प्रसंग नाही.

तेव्हा प्रदर्शनात लावायचं कलावंताचं निवेदन घरी बसूनच लिहा. ‘स्मृतीच्या सीमारेषेवर रेंगाळणारा देह’ अशी सुरुवात जमते. घरातल्या कुणाला समजलं तर पुन्हा लिहा. चपलांवरही एक परिच्छेद पाडा. आपलं कोल्हापुरी पायताण 2025 साली प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या खांद्यावर बसून, नव्हे, प्राडाच्या मॉडेलांच्या पायात बसून मिलानला गेलं, आधी त्याचं नावगाव कुणी सांगितलं नाही आणि ओरड झाल्यावर ओळख पटली. यापेक्षा सरस डायस्पोरा, म्हणजे मायदेशाबाहेर पांगलेलं कुणी, तुम्हाला शोधून सापडणार नाही. चांभार गल्लीत जाऊन कारागिराला चपलेचं कातडं किती दिवस मुरवतात ते विचारायची गरज नाही, माहितीपत्रकात वासाला जागा नसते.

मांडणीला माणसं लागतील. फौंड्रीतून सुटीच्या दिवशी दोन पोरं मिळतात, एखादा ओडिशाचा, एखादा बिहारचा. पोरगा शिडीवर असताना ‘घरची आठवण येते का रे?’ असं चुकूनही विचारू नका. तो तिथूनच व्हिडिओ कॉल लावेल, आईला तुमची टांगलेली सुटकेस दाखवेल आणि ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारेल, ‘मालिक का सामान है? नीचे काहे नहीं रखते?’

उद्घाटन मात्र शाहू स्मारकात दणक्यात करा. पाहुण्यांना फेटा, शाल, श्रीफळ. बाहेर फ्लेक्स लागेलच, तुम्ही नाही लावला तरी मित्रमंडळ लावतं: ‘विस्थापनाच्या वेदनेस हार्दिक शुभेच्छा’, खाली बारा जणांचे गॉगल लावलेले फोटो. अध्यक्षीय भाषणात प्रभात कंपनीचा विषय निघणारच. 1929 साली इथं निघाली आणि 1933 साली पुण्याला गेली. हे एकच स्थलांतर कोल्हापूरकरांना अजून झोंबतं, टाळ्या तिथंच पडतील. नकाशासमोर मंडळी उभी राहतील, पण न्यू जर्सीचा खिळा कुणी बघणार नाही, पुण्याकडचा दोरा कुठाय ते विचारतील.

विक्रीची काळजी नको. इचलकरंजीचे कुणी कारखानदार ऑफिसच्या रिसेप्शनसाठी काहीतरी ‘मोठं’ शोधत असतातच. छत बुटकं म्हणून त्यांनी सुटकेस खाली ठेवली आणि तिच्यावर प्लॅस्टिकची फुलदाणी मांडली, तर चेक वटेपर्यंत एक शब्द बोलू नका.