वीरगळ खालून वर वाचा

जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात लोक कदंब राजांच्या काळातल्या वीरगळापाशी, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या स्मरणाच्या कोरीव दगडापाशी थांबतात, होडीतल्या लढाईचा फोटो काढतात आणि पोर्तुगीज गव्हर्नरांची तैलचित्रं बघायला पुढे सरकतात. माझ्या मते लढाई हा वीरगळाचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग.

वाचायला सुरुवात तळापासून करायची. कप्पे सहसा तीन-चार. खाली मरण: गुरं सोडवताना गेला असेल तर गायी कोरलेल्या, समुद्रावर गेला असेल तर होडी आणि वल्ह्यांची ओळ. त्याच्या वर, दोन्ही बाजूंनी अप्सरांनी दंडाला धरून उचललेला तोच वीर. सगळ्यात वर शिवलिंग, एका बाजूला पुजारी, दुसरीकडे हात जोडून बसलेला वीर. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे कीर्ती आचंद्रसूर्य टिको.

आता फक्त शरीरं बघा. चेहऱ्यावरून माणूस ओळखू येत नाही, आणि यायला नकोच होता; कारागिराला व्यक्तिचित्र काढायचं नव्हतं. बदलते ती अंगाची ठेवण. खाली शस्त्र उगारलेलं, ताणलेलं अंग किंवा आडवं पडलेलं धूड. मध्ये सगळा भार दुसऱ्यांवर सोडलेला. वर मांडी घातलेली, हात जोडलेले. तलवार कोणत्या कप्प्यात हातातून सुटते तेवढं शोधा, बाकीचं आपोआप उलगडतं.

सती गेलेल्या बाईच्या स्मरणाच्या दगडावर, सतीशिळेवर, तर बहुतेकदा बाईचा हातच ठळक. खांबातून निघालेला, कोपरात वळलेला, पंजा उघडा, मनगटावर चुडा. चुडा शाबूत म्हणजे सौभाग्य अखंड. लोक आशीर्वादाचा हात म्हणून पाया पडतात, पडोत बापडे. पण त्या बाईला काय हवं होतं याचा मागमूस दगडावर नाही. १५१० साली गोवा घेतल्यावर पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने सतीची चाल बंद केली. त्याच्या बाकीच्या कारभाराबद्दल माझं मत वेगळं आहे, पण हे एक बरं केलं.

खरा घोळ होतो तो जीर्णोद्धारात. देवळाच्या आवारातले हे दगड राखणदार म्हणून पुजले जातात, ते चांगलंच; त्यामुळेच तर टिकले. पण नवा चौथरा बांधताना दगड वीतभर सिमेंटात रोवला की तळाचा कप्पा जातो, आणि माणूस कसा मेला तेच कळेनासं होतं. शिवाय सिमेंटातले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात, वाळताना पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक होतात आणि पापुद्रे सुटतात. गोव्याच्या पावसात याला वेळ लागत नाही. तेलाचंही तसंच. तेलावर धूळ बसते, तिचा काळा थर होतो आणि उथळ कोरीवकाम बुजतं. ऑइलपेंटबद्दल न बोललेलं बरं.

देवळाचा कारभार बघणाऱ्या महाजनांना एवढंच सांगायचं: दगड उभा करायचा असेल तर सभोवती वाळू-खडीची जागा सोडा, पाणी निचरू द्या, तळाचा कप्पा मोकळा ठेवा. फूल, दिवा पुढ्यात ठेवा, अंगाला काही फासू नका. शेवाळ साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने, हलक्या हाताने काढा. ॲसिड आणि तारेचा ब्रश नकोच. दगड आधीच भुसभुशीत झाला असेल तर हातही लावू नका, पुरातत्त्व खात्याला कळवा.

झिजलेला वीरगळ भर दुपारी सपाट दिसतो. खडू फासून रेषा उठवू नका. काळोख पडल्यावर मोबाईलची टॉर्च दगडाच्या बाजूला, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरा आणि हळूहळू खालून वर न्या. अप्सरांची बोटंसुद्धा दिसतील.