जर्सी नाकारणारा कार्लोस वेला आणि जर्सी मागणारे आपण

कोल्हापूरच्या आमच्या पेठेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद थांबायचं नाव घेत नाही, आणि तो वाचून माझं डोकं तापलंय. निमित्त रायन विल्यम्सचं. हा फुटबॉलपटू पर्थमध्ये जन्मला. आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आजोबा संतोष ट्रॉफी या आंतरराज्य फुटबॉल स्पर्धेत मुंबईकडून खेळलेले. २०२५ मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला आणि नोव्हेंबरात त्याला भारताच्या शिबिरात बोलावणं आलं. लगेच पुढचा प्रश्न निघाला. ज्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) आहे, अशा मूळच्या भारतीय पोरांना भारताकडून खेळू द्यावं का? आज तरी पासपोर्ट नसेल तर जर्सी नाही.

ग्रुपवरच्या एका जुन्या मित्रानं लिहिलं, "ज्यानं देश सोडला त्याचा जर्सीवर हक्क नाही. डॉलर तिकडं कमवायचे आणि कौतुकाला इकडं यायचं?" मी दोन ओळी लिहिल्या तर उत्तर आलं, "भावा, तू आता पाहुणा. पाहुण्यानं जेवावं, भांडी मोजू नयेत." त्याखाली पंधरावीस अंगठे. त्यातले निम्मे माझ्यासोबत शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून ओरडलेले.

मी लॉस एंजलिसला राहतो. इथं फुटबॉल बघायचा म्हणजे मेक्सिकन माणसांत बसून बघायचा, आणि त्यांच्यात बसलं की पासपोर्ट, जर्सी आणि माणूस यांचा एकमेकांशी काय संबंध असतो यावर ग्रुपवर कधी येणार नाहीत अशा गोष्टी कानावर पडतात. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मेक्सिकोच्या कार्लोस वेला या फुटबॉलपटूची. ज्यांना जर्सी म्हणजे देशप्रेमाचं सर्टिफिकेट वाटतं, त्यांनी या माणसाची कारकीर्द एकदा नीट बघावी.

वेला कानकूनचा, १९८९ चा जन्म. २००५ साली पेरूमध्ये सतरा वर्षांखालच्या पोरांचा वर्ल्ड कप झाला. लिमाच्या फायनलमध्ये मेक्सिकोनं ब्राझीलला ३-० असं हरवलं. पहिला गोल वेलाचा, आणि स्पर्धेतले सर्वाधिक ५ गोलही त्याचेच. मेक्सिकोला फुटबॉलमध्ये कुठल्याही वयोगटाचं जगज्जेतेपद त्याआधी मिळालेलं नव्हतं. त्याच संघात जिओवानी दोस सांतोस होता, मेक्सिकोत स्थायिक झालेल्या ब्राझिलियन फुटबॉलपटूचा मुलगा. बापाच्या देशाला हरवून पोरगं मेक्सिकोसाठी कप घेऊन आलं, आणि तुझा बाप बाहेरचा म्हणून त्याची जर्सी कुणी काढून घेतली नाही.

स्पर्धा संपून दोन महिने व्हायच्या आत इंग्लंडच्या आर्सेनल क्लबनं वेलाला घेतलं. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. ग्वादालाहाराच्या चीवास क्लबमध्ये तयार झालेल्या या पोरानं मेक्सिकोच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये पुढे आयुष्यभर एकही मॅच खेळली नाही. इंग्लंडचं वर्क परमिट मिळेना म्हणून त्याला स्पेनमध्ये फिरवलं. आधी सेल्टा, मग दुसऱ्या डिव्हिजनचं सालामांका, मग ओसासुना. परमिट आलं २००८ मध्ये. व्हिसासाठी कागद गोळा करत वर्षं घालवलेल्या माणसाला या ओळी वाचताना काय वाटतं, ते ग्रुपवाल्यांना मी कसं सांगणार? खेळ अंगात आहे, क्लब बोलावतोय, आणि कुठल्यातरी टेबलावर फाइल पडून आहे. आर्सेनलमध्ये शेफिल्ड युनायटेडविरुद्ध लीग कपात त्यानं हॅटट्रिक केली, पण तिथं त्याची जागा कधी पक्की झाली नाही.

मग २०१० आला. सप्टेंबरात माँतेरेइला कोलंबियाविरुद्धची मॅच संपल्यावर खेळाडूंनी हॉटेलात पार्टी केली. फेडरेशननं वेला आणि एफ्राईन हुआरेस या दोघांना सहा-सहा महिन्यांची बंदी घातली, बाकीच्यांना दंडावर सोडलं. त्यानंतर वेला राष्ट्रीय संघापासून दूर होत गेला. २०११ च्या गोल्ड कपात, म्हणजे उत्तर अमेरिकेकडच्या देशांच्या स्पर्धेत, तो नव्हता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मेक्सिकोनं वेम्बलीवर ब्राझीलला २-१ असं हरवून सुवर्ण जिंकलं, तेव्हाही नव्हता. आणि २०१४ च्या वर्ल्ड कपसाठी त्यानं चक्क नाही म्हटलं. मनानं मी तयार नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

नकार आला तेव्हाचा त्याचा खेळ बघा. स्पेनच्या रिआल सोसिएदाद क्लबात येऊन तो फुलला होता. २०१३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या प्ले-ऑफमध्ये लियाँविरुद्ध घरच्या मैदानावरचे दोन्ही गोल त्याचे. देशातला बहुधा सगळ्यात चांगला फॉरवर्ड त्या वर्षी वर्ल्ड कपला जायला तयार नव्हता. मेक्सिकोत त्याला गद्दार म्हटलं गेलं, लाडावलेला म्हटलं गेलं. मला बास्केटबॉल जास्त आवडतो, मॅच संपली की मी फुटबॉल बघत बसत नाही, असं तो उघड बोलायचा. तेही लोकांना सहन झालं नाही.

माझा मुद्दा इथं आहे. वेलाकडं पासपोर्ट होता, जन्म तिथला, नाळ तिथली. तो जर्सी नको म्हणाला तर गद्दार. आमच्याकडं फ्रीमाँटच्या किंवा लेस्टरच्या एखाद्या देशी पोरानं जर्सी द्या म्हटलं तर तोही गद्दार. नाकारलं तरी शिवी, मागितलं तरी शिवी. म्हणजे भांडण देशप्रेमाचं नाहीच. जो गेला त्यानं स्वतःचं स्वतः काही ठरवायचं नाही, एवढंच घरच्यांचं म्हणणं आहे. कधी यायचं, कधी नाही, कुठल्या रंगाचे कपडे घालायचे, हे मागं राहिलेल्यांनी ठरवायचं.

"आमच्या पोरांच्या जागा जातील" हा दुसरा मुद्दा रोज येतो. त्याबद्दल मला आस्था नाही असं कुणी समजू नये. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारताकडून खेळला, तेव्हा इथं सकाळी सकाळी उठून मी मॅच बघितली आहे. पण जागा राखून ठेवून खेळ सुधारत नाही, आणि याचं उदाहरण खुद्द वेलाच्या क्लबातच आहे. रिआल सोसिएदाद हा उत्तर स्पेनमधल्या बास्क लोकांचा क्लब. कित्येक वर्षं तिथं फक्त आपल्या मातीतली पोरं घ्यायचा दंडक होता. तो त्यांनी मोडला १९८९ मध्ये, लिव्हरपूलच्या जॉन अल्ड्रिजला घेऊन. विरोध झाला, भिंतींवर घोषणा लिहिल्या गेल्या. पुढं त्याच क्लबच्या लोकांनी कानकूनच्या पोराला डोक्यावर घेतलं, आणि त्यानं त्यांच्यासाठी सत्तरच्या वर गोल केले. त्यांच्या पोरांच्या जागा गेल्या का? अजिबात नाही. तो क्लब आजही आपल्या अकादमीतल्या पोरांच्या जिवावर उभा आहे.

आणि आपल्याला हे परकं आहे का? अराता इझुमी जपानमध्ये जन्मला, आधी मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून आणि मग पुणे एफसीकडून खेळला, जपानचा पासपोर्ट सोडून भारताचा झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून उतरला. खुद्द कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांनी नायजेरियाची पोरं आणून खेळवली. पाटाकडील असो, दिलबहार असो की आमचं शिवाजी मंडळ, गोल करणाऱ्याला पेठेनं खांद्यावरच घेतलं. तेव्हा कुणी पासपोर्ट विचारला नव्हता. सगळा राग आपल्यातूनच गेलेल्यांवर आहे, हे मला जास्त टोचतं.

वेला २०१८ मध्ये इथं आला. एलएएफसी हा लॉस एंजलिसचा नवा क्लब उभा राहत होता आणि त्यांचा पहिला मोठा खेळाडू तोच. युरोप सोडून एमएलएसमध्ये, अमेरिकेच्या लीगमध्ये? एकोणतिसाव्या वर्षी? पुन्हा मेक्सिकोत ओरड झाली. पण एक्स्पोझिशन पार्कच्या त्या स्टेडियमवर मी त्याला बघितलंय, आणि आरामाला आलेला माणूस तसा खेळत नाही. उजवीकडून चेंडू घेऊन तो आत यायचा, वेग एकदम कमी करायचा, डिफेंडर थबकला की डाव्या पायानं लांबच्या पोस्टकडं वळवायचा. उत्तरेकडच्या उभ्या स्टँडमधले ३२५२ या चाहत्यांच्या गटाचे ढोल त्या क्षणी थांबायचे आणि जाळी हलली की दुप्पट जोरानं सुरू व्हायचे. २०१९ मध्ये त्यानं ३४ गोल केले. लीगचा आधीचा विक्रम ३१ चा होता. शेवटच्या दिवशी कोलोरॅडोविरुद्धच्या हॅटट्रिकनं तो मोडला. २०२२ मध्ये त्याच्या कप्तानीखाली एमएलएस कप आला. २०२० च्या जुलैत कोविडमध्ये फ्लोरिडाला स्पर्धा भरली, तेव्हा पत्नी गरोदर होती म्हणून तो गेलाच नाही. इथं बहुतेकांनी त्याचा निर्णय मान्य केला. बायको गरोदर असताना घरी थांबतो म्हणणाऱ्या माणसाला आमच्या ग्रुपवर किती मतं पडतील, मला शंका आहे.

आता दुसरी बाजू, कारण माझ्याही मनात सगळं सरळ नाही.

जून २०११ मध्ये पॅसाडीनाच्या रोझ बोलवर गोल्ड कपची फायनल झाली, अमेरिका विरुद्ध मेक्सिको. ९३,४२० माणसं, आणि जिकडं बघावं तिकडं हिरवं. अमेरिकेनं दोन गोल आधी केले, मग मेक्सिकोनं चार. चौथा दोस सांतोसचा. गोलकीपर पायाशी झेपावत होता, त्याला चुकवत चुकवत पोरगं मागं सरकलं, वळलं आणि वरच्या कोपऱ्यात उचलून टाकलं. सगळं रोझ बोल वेडं झालं. त्यातली हजारो माणसं अमेरिकन पासपोर्टवाली. पोरं इथल्या शाळांत, घराचे हप्ते इथं, टॅक्स इथं. अमेरिका हरली म्हणून ती नाचत होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ४०५ हायवेवर माझ्याच बरोबर कामाला जात होती.

त्यांना ते जमतं, कारण त्यांच्या देशानं त्यांची वाट बंद केलेली नाही. १९९८ पासून मेक्सिकोत जन्मलेल्या माणसाचं नागरिकत्व दुसऱ्या देशाचं घेतल्यानं जात नाही. २००६ पासून राष्ट्राध्यक्ष निवडायला परदेशातून मतदानही करता येतं. माझी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ कन्व्हेन्शन सेंटरच्या मोठ्या हॉलमध्ये झाली. शेजारी मेक्सिकोतल्या मिचोआकानची एक बाई बसली होती, माझ्या आईच्या वयाची. हातात छोटा झेंडा, पर्समध्ये दोन सँडविच, एक तिनं मला दिलं. शपथ झाल्यावर ती म्हणाली, "आता माझे दोन देश झाले." माझा एकच झाला होता. नंतर जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला आणि काही महिन्यांनी ओसीआय कार्ड आलं. त्या कार्डावर मी वाटेल तेव्हा कोल्हापूरला जाऊ शकतो, राहू शकतो, पेठेत फ्लॅट घेऊ शकतो. मत देऊ शकत नाही आणि शेत विकत घेऊ शकत नाही. वडिलांचं पन्हाळ्याच्या बाजूचं उसाचं रान वारशानं येईल तेवढंच.

मी हे सगळं समजून उमजून केलं. नोकरी, बायकोची नोकरी, मुलीची शाळा, प्रवासाची कटकट. कुणी जबरदस्ती केली नाही आणि मला पश्चात्तापही नाही. पण "पाहुणा" वाचलं की घशाशी काहीतरी येतं. पेठेतली मंदिरं, तालमी, कुठल्या बोळात कुणाची चहाची गाडी होती, हे मला आजही झोपेत सांगता येतं. इथं आपलं मंडळ आहे, गणपती आहे, पायोनियर बुलेव्हार्डवर भडंग मिळतो. तरीही इथल्या मेक्सिकन शेजाऱ्याइतका निवांत मी कुठल्याच बाजूला नाही. भारत हरला की मी चिडतो, आणि माझ्या चिडण्याला तिकडं आता किंमत नाही. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला बांगलादेशनं आपल्याला ०-० वर रोखलं. त्यांच्याकडून हमझा चौधरी पहिल्यांदा उतरला होता, इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये वाढलेला पोरगा. त्याच्यासाठी बांगलादेशी लोक वेडे झाले होते. त्यांनी त्याला पाहुणा म्हटलं नाही.

वेलाच्या गोष्टीत एक भाग असा आहे जो त्याला शिव्या देणारे सोयीनं विसरतात. २०१४ च्या वर्ल्ड कपात नेदरलँड्सनं मेक्सिकोला शेवटच्या मिनिटांत एका वादग्रस्त पेनल्टीवर बाहेर काढलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वेला संघात परतला. परतल्यावरची पहिली मॅच अॅमस्टरडॅमला, त्याच नेदरलँड्सशी. त्यानं दोन गोल केले आणि मेक्सिको ३-२ असं जिंकलं. २०१८ च्या वर्ल्ड कपात तो जर्मनीला हरवणाऱ्या संघात होता, कोरियाविरुद्ध त्यानं पेनल्टीवर गोलही केला. नंतर पुन्हा नाही म्हणाला, आणि मे २०२५ मध्ये निवृत्त झाला. ७२ सामने, १९ गोल. मनानं तयार होता तेव्हा आला, नव्हता तेव्हा नाही आला. आला तेव्हा जीव ओतला. याहून जास्त कुठल्या खेळाडूकडून काय मागायचं?

म्हणून मला वाटतं, परदेशात वाढलेल्या पोरांसाठी दार उघडायचा काही मार्ग कायद्यात काढता आला तर जरूर काढावा. येणाऱ्याला बाकीच्या पोरांसारखी चाचणी द्यायला लावावी, आणि एखाद्यानं नको म्हटलं तर त्याच्या आईबापाचा उद्धार करू नये.

माझी मुलगी इथं चौदा वर्षांखालच्या क्लबात डावीकडून खेळते. उद्या तिला दोन्हीकडून विचारणा झाली तर निर्णय तिचा, हे मी बायकोला सांगून ठेवलंय. ती अमेरिकेची जर्सी घालेल, बहुतेक. तेव्हा मी टाळ्या वाजवीन आणि मला वाईटही वाटेल. ते ग्रुपवर सांगायची माझी आज तरी तयारी नाही.