एंजल माशाच्या तुटलेल्या पंखांबद्दल, दुकानमालकाकडून

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की आमच्याकडच्या दोन एंजलपैकी एक पंधरा दिवसांत मेला, दुसऱ्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या आणि आम्ही आजारी मासे तुमच्या गळ्यात मारले. लेकीने मेलेला मासा तुळशीच्या कुंडीत पुरला, हे वाचून फार वाईट वाटलं.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. रोगाने शेपटी झडते तेव्हा कडा पांढुरक्या होत जातात. तुमच्या माशाच्या पंखाला तोडल्यासारख्या खाचा आहेत आणि पोटाखालचे लांब धागे मुळापासून गेलेत. हे तुमच्या टँकमधल्या टायगर बार्ब माशांचं काम आहे. मासे निरोगी होते, पण त्यांच्यात बार्ब सोडायला दिले ही चूक आमचीच.

जुनी बिलं काढली. आधी दोन एंजल आणि सहा निऑन (छोटे चमकदार मासे), चार दिवसांनी तीन टायगर बार्ब. बार्ब देताना दुकानातल्या मुलाने टँकमध्ये आधी काय आहे ते विचारलंच नाही. त्याला ते शिकवणं माझं काम होतं. बार्ब आठ-दहा असले की बरेचसे आपसातच पाठलाग करत राहतात. तिघेच असले की समोर जो संथ, लांब पंखांचा मासा दिसेल त्याला टोचतात. आणि एंजलइतका संथ आणि झुबकेदार दुसरा कोण असणार?

आता जे तुम्ही लिहिलं नाही तेही सांगतो. एंजल आणि निऑन एकत्र मीच दिले होते. आज एंजल रुपयाएवढा आहे, म्हणून सगळं गोड दिसतं. पण तो वाढून हाताच्या पंज्याएवढा होतो आणि निऑन जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा राहतो. तोंडात मावेल ते एंजल गिळतो. यात त्याचा दुष्टपणा नाही, ॲमेझॉनच्या पाण्यातही तो हेच करतो. शिवाय तुमच्या दोन फुटी टँकची उंची मोठ्या एंजलला अपुरी पडेल. हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

म्हणून तिन्ही बार्ब परत आणा, त्यांचे आणि मेलेल्या एंजलचे पूर्ण पैसे देतो. उरलेल्याचं लेकीला विचारून ठरवा. निऑन ठेवायचे असतील तर एंजल बरा झाल्यावर मी घेतो आणि तळाशी फिरायला पाच-सहा कोरीडोरस मासे देतो. फक्त खालचे टोकदार खडे काढून बारीक वाळू घाला, नाहीतर त्यांच्या मिशा झिजतात. शेजाऱ्यांनी गप्पी मासे सुचवलेत, पण त्यांना जड (क्षारांचं) पाणी मानवतं, निऑनला हलकं. येताना बाटलीत टँकचं पाणी आणा, तपासून मग बोलू.

तुम्ही टँकमध्ये घालताय ते निळं औषध आजच थांबवा. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणू त्याने मरतात. दिवसाआड पाव हिस्सा पाणी बदला, नव्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. पाणी स्वच्छ राहिलं तर पंख पुन्हा येतात.

बार्ब मात्र आज रात्रीच वेगळे करा. दिवा बंद करून अर्ध्या तासाने जाळी घाला, अंधारात ते लवकर हाती लागतात.