सुंभ, पीळ आणि सासूबाई

माणसाच्या उपयोगी पडायला ताग मनापासून कधीच राजी नव्हता, अशी माझी आता पक्की समजूत झाली आहे. त्याला कापतात, पाण्यात कुजवतात, झोडपतात, साल ओरबाडून काढतात आणि वर पिळतात. एवढं सोसून तो दोर होऊन घरात आला आणि त्याने आपला तळहात सोलला, तर सूड म्हणून हे फारच सौम्य झालं.

आमच्याकडे दोर आला तो झोपाळ्यासाठी. झोपाळा साखळ्यांवर आहे, वजन त्याच पेलतात. पण साखळ्या गार लागतात आणि कड्यांत बोट चिमटतं, ही सासूबाईंची जुनी तक्रार. हात धरतो तेवढ्या भागावर दोर गुंडाळून टाकू, अशी टूम माझ्या दिराने काढली. टूम काढायची आणि कामाच्या वेळी दिसेनासं व्हायचं, ही त्याची पद्धत. मी 8 मिलिमीटर जाडीचा, तीन पेडांचा दोर आणून गुंडाळला. सासूबाईंनी धरला आणि तिसऱ्या झोक्याला सोडला.

"टोचतोय गं."

आता हा मऊ करणं आलं. मी वाचायला बसले. झाडाला ताठ उभं ठेवणारं लिग्निन नावाचं एक द्रव्य असतं. कापसात ते जवळजवळ नसतंच, म्हणून सुती दोरी मुळातच लाघवी. तागात ते साधारण 12 टक्के असतं आणि काथ्यात 40च्या आसपास. काथ्याचा दोर मऊ करायला निघालेल्या माणसाला माझा दुरूनच नमस्कार.

उपायांच्या बाबतीत जाणकारांचं एकमत शून्य. एक म्हणतो उकळा, दुसरा म्हणतो खबरदार उकळाल तर. दोघंही खरं बोलतात, वैताग त्याचाच आहे. भांगेच्या झाडापासून निघणारा हेम्पचा दोर ओला झाला तरी कच खात नाही, सुती दोरी तर ओली असताना उलट जास्त मजबूत होते. ताग मात्र ओला झाला की कमजोर पडतो. ज्यावर माणूस लटकणार आहे तो तागाचा दोर उकळू नये हे बरं. माझ्या दोरावर सासूबाईंचे फक्त हात पडणार होते, म्हणून मी उकळायचं ठरवलं.

त्याआधी तुकडे करायचे होते. दोर कापण्यापूर्वी, जिथे कापायचा तिथे दोन्ही बाजूंना दोऱ्याने आवळून बांधायचा असतो. हे मी नवऱ्याला सांगत होते तोवर त्याची कात्री चालली होती. टोकाचे तीन पेड सुटले, पेडांतले धागे सुटले, धाग्यांतली कुसं सुटली आणि बघता बघता दोराला दाढी फुटली. "पुन्हा वळता येईल ना?" असं विचारून नवरा पेपर वाचायला गेला.

उकळताना जो वास सुटतो तो कुठल्याही स्वयंपाकघराला शोभणारा नाही. ओलं गोणपाट अधिक रॉकेल. याला कारण आहे: गिरणीत कातण्याआधी तागाच्या तंतूंना खनिज तेल आणि पाणी पाजतात, का तर ते मऊ पडावेत म्हणून. म्हणजे कारखान्याने यंत्रं लावून त्याला एकदा मऊ करून झालं होतं, आणि तरी तो हा असा. पाणी तपकिरी झालं. सासूबाईंनी झाकण उचललं, आत पाहिलं, झाकण ठेवलं आणि त्या दिवशी आपण उपास करणार असल्याचं जाहीर केलं. ते पातेलं आता दोराचंच झालं आहे.

खरी गंमत वाळवण्यात. ओला दोर आखडतो. तंतू पाणी पिऊन फुगतात, पेड जाड होतात, आणि जाड झालेल्या पेडांना एकमेकांभोवती फिरायला जास्त लांबी लागते; ती ते दोराच्या लांबीतून काढून घेतात. रोममध्ये 1586 साली व्हॅटिकनसमोरचा अजस्र दगडी स्तंभ दोरांनी उभा करत असताना म्हणे बोलणाऱ्याला देहदंड होता. तरी दोर तापून ढिले पडताहेत हे पाहून एक खलाशी "दोरांवर पाणी ओता!" असं ओरडला. पाणी ओतलं, दोर आवळले, स्तंभ उभा राहिला, आणि खलाशाला शिक्षेऐवजी बक्षीस मिळालं. दंतकथा आहे, पण मला पटते. आमच्याकडे शांत राहायचा हुकूम कोणी मानत नाही, एवढाच फरक.

तर ओला दोर ताणूनच वाळवावा लागतो, नाहीतर वाकडातिकडा होऊन तसाच कडक होतो. झोपाळा काढून त्याच्याच हुकाला मी दोर टांगला आणि खाली पाण्याने अर्धी भरलेली बादली बांधली. हात सोडताच बादली फिरायला लागली. आधी सावकाश, मग वेगात, मग थांबली, क्षणभर विचार केला आणि उलटी फिरली. दोर पिळलेला असतो, वजन लावलं की तो पीळ सोडायला बघतो, सुटलेला पीळ पुन्हा आवळतो, आणि मधल्यामध्ये बादली गरगरते. शिवाय दोराचं पाणी ठिबकत होतं बादलीतच. नवरा पेपर खाली ठेवून बघत बसला. शेवटी कडीतून काठी घालून ती दोन खुर्च्यांत अडकवली तेव्हा बादलीची प्रदक्षिणा थांबली. मधल्या काळात सासूबाईंना झोपाळा नव्हता आणि खुर्च्याही.

वाळलेला दोर म्हणजे वास मारणारी काठी. या टप्प्यावर युक्ती नाही, तेल नाही, फक्त मेहनत आहे. दोर गुळगुळीत लोखंडी कडीतून ओढायचा, पुन्हा उलटा ओढायचा, जागोजागी वाकवायचा, चोळायचा. माझं स्पष्ट मत आहे की दोर मऊ होतो तो इथेच. बाकी सगळे उपाय म्हणजे हे काम टाळण्याचे बहाणे. कडीतून जाताना तो कुरकुरतो आणि प्रत्येक फेरीला बारीक सोनेरी भुसा सांडतो. तो भुसा नाकात जातो, काळ्या कपड्यांवर बसतो, उशीवर सापडतो. तोंडाला फडकं बांधल्याशिवाय बसू नये. 19व्या शतकात इंग्लंडमधल्या तुरुंगांत कैद्यांना जहाजांचे जुने डांबरी दोर बोटांनी उकलायला बसवत. ती सक्तमजुरी होती. मी हे स्वखुशीने करत होते, तेही हौस या सदराखाली.

दीर नेमका तेव्हा उगवला. "वहिनी, एवढं काय करत बसलात? मशीनला लावा की!" उरलेला तुकडा त्याने उशीच्या अभ्र्यात घालून धुलाईयंत्रात टाकला. अभ्र्यातून निघाली ती एक गाठ. तिला सुरुवात नव्हती, शेवट नव्हता, आणि यंत्राची जाळी तागाने गच्च. ती गाठ आता दार अडवायला वापरतो.

मग कुसं जाळायची. दोर कोरडा ठणठणीत हवा आणि तेल अजून लावलेलं नको, हे दोन्ही विसरलात तर पुढचा लेख अग्निशमन दल लिहील. पाणी जवळ ठेवून ताणलेला दोर गॅसच्या निळ्या ज्योतीवरून झरझर न्यायचा. ज्योत पिवळी असली तर काजळी धरते. कुसं चटचट उडतात, कागद जळाल्याचा वास येतो आणि दोर एकदम तुळतुळीत दिसतो. वाकवून पाहिला तर ताठा जागच्या जागी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी ओट्यापाशी उभी राहून पाहिलं.

शेवटी तेल. खाण्याचं तेल लावू नये, ते काही दिवसांनी खवट होतं. जवसाचं तर नकोच: ते चिकट होऊन वाळतं, आणि त्यात भिजलेलं फडकं चुरगळून टाकलं तर आपोआप पेटू शकतं. खनिज तेलाचे मोजके थेंब फडक्यावर घ्यायचे आणि दोर त्यातून ओढायचा. थेंब मोजके, हे मी नवऱ्याला दोनदा बजावलं. त्याने आईच्या प्रेमाखातर हात जरा सैल सोडला.

झोपाळा पुन्हा चढला. सासूबाईंनी दोर धरला, गालाला लावून पाहिला. घर श्वास रोखून. त्यांनी एक झोका घेतला, दुसरा घेतला.

"मऊ झालाय हो छान," त्या म्हणाल्या. "पण हातातून निसटतोय."

सध्या तेल उतरवायच्या खटपटीत आहे. दिराचं म्हणणं, एकदा उकळून बघा.