क्लोरीन आहे म्हणून नदी घाण झाली तरी चालते?

काल रात्री घरच्या ग्रुपवर मावशीचा मेसेज आला : ‘वाहती नदी बारा कोसांत आपोआप शुद्ध होते. उरलंसुरलं क्लोरीन मारतं. निर्माल्य माशांचं अन्न आहे. नाणं टाकलं की जंतू मरतात. नदी वाचवा म्हणणारे उगाच घाबरवतात.’ मावशीची सून सात महिन्यांची गरोदर आहे आणि ती राहते इचलकरंजीत, पंचगंगेच्या काठी. म्हणून गप्प बसवलं नाही.

आधी क्लोरीनचं बघू, कारण सगळ्यात घातक वाक्य तेच आहे. १९५५ साली दिल्लीत यमुनेला पूर आला, पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादला, जिथून शहरासाठी पाणी उचलतात तिथे, उलटं शिरलं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. टायफॉईड वाढला नाही, म्हणजे क्लोरीनने जिवाणू मारले. पण डिसेंबर-जानेवारीत कावीळ पसरली. २९,३०० रुग्ण! जास्त मेल्या त्या गरोदर बायका. तो विषाणू हिपॅटायटिस ई होता, हे कित्येक वर्षांनी कळलं. गढूळ, मैलामिश्रित पाण्यात क्लोरीनची बरीच ताकद घाणीवरच खर्च होते आणि विषाणू निसटतो. आणि ही गोष्ट दिल्लीपुरती नाही. २०१२ साली इचलकरंजीतच हिपॅटायटिस ईची साथ आली होती. मावशी, तू तेव्हा तिथेच होतीस ना?

वाहतं पाणी सुधारतं, हे काही अंशी खरं आहे, मान्य करते. घाण थोडी आणि प्रवाह भरपूर असेल तर हवेतला प्राणवायू मिसळून पाणी सावरतं. पण पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पंचगंगेची तळ्यांची माळ होते. वरून कोल्हापूरच्या जयंती नाल्यासारखे सांडपाण्याचे नाले येऊन मिळतात. उन्हाळ्यात यातलं वाहतं काय? तेरवाडच्या बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच अनेकदा लागलाय.

निर्माल्य कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, माशांचा श्वास कोंडतो. तांब्याच्या भांड्यात पाणी कित्येक तास ठेवलं तर जिवाणू मरतात, तेवढं खरं. पण आपली आजची रुपयाची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, आणि नदी म्हणजे तांब्या नव्हे.

घाण नदीत पडण्याआधीच अडवली पाहिजे, एवढंच नदी वाचवा म्हणणारे सांगतात. मावशी, सुनेला पाणी खळखळ उकळून दे. आणि तो मेसेज आज ग्रुपवरून काढ, तिनेही वाचलाय.